विहारयात्रा की धम्मयात्रा?



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका जुन्या कार्यकर्त्याने मला चपलांच्या कट्ट्यापाशी गाठले. "भाऊ, ऐकतोय ते खरं का? तुम्ही म्हणे फॉरेनला चाललात?" मी म्हटले, "अजून चाललो नाही, हिशेब चाललाय." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जा की. नाही कोण म्हणतं? पण लोक बघतात. चळवळीतल्या माणसानं जपून राहावं."

ते रागाने बोलले नाहीत. म्हणूनच ते वाक्य मनात राहिले. वर्गणीची पावती फाडायला दारोदार फिरणारा माणूस विमानात बसला तर लोकांच्या मनात काय येईल, हे मलाही कळते. तेव्हा या खेपेला सदरात आमच्या घरातला हिशेबच वाचकांपुढे मांडतो.

सुरुवात लेकीने केली. ती इतिहास घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या जन्मानंतर आम्ही नवरा-बायकोने पोस्टात दरमहा दोन हजारांचे आवर्ती खाते उघडले आणि पुढे मुदत वाढवून दहा वर्षे भरले. नंतर ती रक्कम ठेवीत टाकली. कशासाठी? तर लेकीच्या लग्नासाठी. आता ती म्हणते, "पप्पा, तुम्हीच स्टेजवरून सांगता ना, लग्न विहारात, बौद्ध पद्धतीने, चहा-लाडूवर करा म्हणून? मग माझं लग्न तसंच होणार. मग हे पैसे लग्नाचे कसे?" पंचवीस वर्षे मी लोकांना जे सांगत आलो ते पोरीने माझ्यावरच उलटवले. तिची आई पदराआड हसत होती.

"मग करायचं काय या पैशांचं?" मी विचारले.

"आपण चौघं एकदा समुद्र बघायला जाऊ. जुहूचा नाही. निळा. भरपूर ऊन आणि निळं पाणी असलेला."

तिच्या डोक्यात ग्रीस देश होता, पांढऱ्या घरांचा. मोबाइलवर चित्रे बघून बघून झालेले ते वेड. पण चार माणसांचा तिकडचा खर्च मांडला आणि मी वही मिटली. असो. त्यानंतर पंधरा दिवसांनी तीच कॉलेजच्या ग्रंथालयातून एक पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, आपण अलेक्झांड्रियाला जाऊ. आपल्या गावावरून तिकडे जुना रस्ता आहे."

ते पुस्तक होते 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी', म्हणजे तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची वाटाड्यासारखी वही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ती लिहिली. त्याने स्वतःचे नाव लिहिले नाही. पण आपल्या किनाऱ्यावरची गावे ओळीने लिहिली आहेत. सुप्पारा म्हणजे सोपारा, सेमुल्ला म्हणजे चौल आणि कॅलिएना. कॅलिएना म्हणजे आपले कल्याण! ज्या कल्याणच्या फलाटावर आपण रोज कर्जत लोकलची वाट बघत घाम पुसतो, ते कल्याण अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांच्या वहीत होते.

वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट त्यात आहे. तो लिहितो की थोरल्या सातकर्णीच्या काळी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते संदनेस नावाच्या राजाच्या ताब्यात गेले तेव्हा व्यापारावर बंधने आली आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे आलेच, तर त्याला पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला नेत. म्हणजे कागदपत्रे, परवाने आणि अडवणूक ही दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच. मी बी. कॉम. झालेला कारकून माणूस, त्यामुळे मला पुढची गोष्ट जास्त आवडली. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमन राज्य पंचवीस टक्के जकात घेत असे. व्हिएन्नाच्या संग्रहात एक जुना पपायरस आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. केरळच्या मुझिरीस बंदराहून आणलेल्या मालाबद्दलचा तो कर्जाचा करार. माल तांबड्या समुद्रावर उतरवायचा, उंटांवरून वाळवंट ओलांडायचा, नाईल नदीतून नावेने अलेक्झांड्रियाला आणायचा, तिथे सरकारी गोदामात ठेवायचा आणि चौथा हिस्सा जकात भरायची, असे सगळे कलमवार. आपल्या कचेरीतल्या फायलीत लावला तर कोणाला वेगळा वाटणार नाही.

या वाटेला वेळ किती लागे? जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत आणि आपल्या मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरपर्यंत इकडे पोचत. परतायचे ते नोव्हेंबर-डिसेंबरात वारा फिरल्यावर. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहिले आहे की अलेक्झांड्रियाहून नाईलमधून कोप्तोस गावापर्यंत बारा दिवस आणि तिथून उंटावरून बेरेनिके बंदरापर्यंत आणखी बारा दिवस. त्या मानाने मुंबईहून कैरोला विमानाने काही तास आणि तिथून रेल्वेने अडीच-तीन तास. आमच्या आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या गावाकडं एसटीनं जायला लागतो त्याच्यापेक्षा कमी."

आई आता सत्तरीला आली. तिच्याबद्दल जरा सांगावे लागेल, कारण या सगळ्या बेताची खरी गाठ तिच्यापाशी आहे. वडील लवकर गेले. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून ती जीन्स पॅन्टींचे पोते डोक्यावरून घरी आणायची आणि रात्री दिव्याखाली बसून पॅन्टींचे सुटलेले धागे कापायची. नगावर मजुरी. बोटांना निळा रंग चढायचा तो जेवतानाही जायचा नाही. त्या निळ्या बोटांनी तिने मला बी. कॉम. केले. पेरिप्लसमध्ये एके ठिकाणी आहे की तगर म्हणजे आजचे तेर (धाराशिव जिल्ह्यातले) इथून सुती कापड गाड्यांवर लादून बंदराकडे नेत आणि पुढे ते जहाजावर चढे. लेकीने आजीला ते वाचून दाखवले. आजीने एवढेच विचारले, "आन् त्याचे धागे कापणारी बाई कुठवर जायची?" पुस्तकात त्याचे उत्तर नाही.

आता चपलांच्या कट्ट्यावरच्या प्रश्नाकडे येतो.

सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. त्याच साली तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चौदा शिलालेखांपैकी हा आठवा आपल्या भागात सापडावा, याची मला नेहमी गंमत वाटते, कारण त्याचा विषयच मुळी प्रवास आहे! अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. इथे विहार म्हणजे आपले बुद्धविहार नव्हे, तर मौजमजा, शिकार. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, दान, वृद्धांची विचारपूस, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटणे आणि धम्माची चर्चा.

मी हे घरी मोठ्या उत्साहाने वाचले. माझा हेतू असा की आपला प्रवास धम्मयात्रेच्या खात्यात टाकला म्हणजे कोणाचे तोंड उघडायला नको. तेराव्या शिलालेखात तर अशोकाने जिथे धम्मविजय झाला म्हणून सांगितले आहे, त्या पाच यवन राजांत तुरमाय आहे. तुरमाय म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी आणि त्याची राजधानी अलेक्झांड्रिया. मग आणखी काय हवे?

आमच्या मंडळींनी भाकरी तव्यावर टाकता टाकता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, मला विहारयात्राच पाहिजे. शहापूरच्या डोंगरात वाढले मी. लग्न झाल्यावर पहिल्यांदा समुद्र बघितला, तो पण गर्दीत, पोरगी कडेवर घेऊन. मला एकदा निवांत पाण्यात पाय सोडून बसायचंय. त्याच्यात धम्म असला तर असू द्या."

यावर मला काही बोलता आले नाही. वीस वर्षे ही बाई सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पाण्याच्या स्टॉलवर उभी असते. तिला एक आठवडा पाय भिजवायचे आहेत आणि त्यासाठी मी शिलालेखाचा दाखला शोधत बसलो होतो.

एक गोष्ट मात्र कार्यकर्त्यांसाठी इथेच लिहून ठेवतो. मिलिंद राजा 'अलसंदा'त जन्मला असे मिलिंदपञ्हात आहे, म्हणून तो अलेक्झांड्रियाचा, असे आपल्यातले काही वक्ते ठोकून देतात. तसे नाही. सिकंदराने आपल्या नावाची अनेक गावे वसवली आणि मिलिंदाचे अलसंदा हे बहुतेक अभ्यासक अफगाणिस्तानाकडचे मानतात. पण त्याच ग्रंथात एका श्रीमंत जहाजमालकाच्या दाखल्यात तो ज्या बंदरांना जातो त्यांच्या यादीतही अलसंदा येते, आणि ते बंदराचे अलसंदा इजिप्तचे असावे. कार्ल्याच्या चैत्यात खांब दान करणारे यवन आहेत, जुन्नरला पाण्याची टाकी देणारा यवन आहे. ते अलेक्झांड्रियाचेच, असे म्हणायला पुरावा नाही. अशोकाच्या दूतांची ग्रीकांच्या बाजूने नोंद सापडत नाही. जे आहे तेवढेच सांगावे, आणि जे आहे तेही थोडे नाही. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने बुद्धाचे नाव लिहून ठेवले आहे. डिओ नावाच्या वक्त्याने तिथे भाषण केले तेव्हा श्रोत्यांत काही भारतीयही दिसतात, असे तो म्हणतो. आणि २०२२ साली बेरेनिकेच्या उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती निघाली, ७१ सेंटिमीटर उंच, दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. दगड तुर्कस्तानाकडचा. कोरणारा हात अलेक्झांड्रियातला असावा, असे काही तज्ज्ञांचे मत आहे. ही बातमी २०२३ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. एप्रिल म्हणजे जयंतीची धावपळ, त्यामुळे आपल्याकडे फार कमी लोकांनी ती वाचली. त्याच ठिकाणी आधी एका मडक्यात साडेसात किलो काळी मिरी सापडली होती. आईला मूर्तीपेक्षा मिरीचे जास्त नवल वाटले. "साडेसात किलो! कोण घ्यायचं एवढी?"

आता बेत. कधी जावे? तिथे पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये नाही, हिवाळ्यात पडतो. डिसेंबर-जानेवारीत समुद्राला वादळे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चांगले, पण कैरोच्या उकाड्याला कंटाळलेले इजिप्तचे लोकच तिथे किनाऱ्यावर गर्दी करतात. मार्च ते मेमध्ये अधूनमधून वाळवंटातून खमसीन नावाचा तापलेला धुळीचा वारा येतो. शिवाय आमचे स्वतःचे पंचांग आहेच. एप्रिल जयंतीचा. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात विहारात ग्रंथवाचन, ते आश्विन पौर्णिमेपर्यंत. धम्मचक्र प्रवर्तन दिन. सहा डिसेंबर. यात जो फट सापडतो तो दिवाळीच्या सुट्टीचा, साधारण नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. तिथे तेव्हा हवा मऊ असते आणि पावसाने जोर धरलेला नसतो. ठरले.

बघायचे काय? दीपस्तंभ आता नाही. जगातल्या सात आश्चर्यांतला तो फारोसचा दीपस्तंभ, शंभर मीटरहून उंच, भूकंपांनी चौदाव्या शतकापर्यंत पार ढासळला. त्याच जागी, त्याचेच दगड वापरून सुलतान कैतबेने पंधराव्या शतकात किल्ला बांधला. तो आहे. जुने ग्रंथालय नाही, पण २००२ साली त्याच समुद्रकाठी नवे ग्रंथालय उघडले. कलत्या तबकडीसारखे छप्पर आणि बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या कितीतरी लिप्यांची अक्षरे कोरलेली. लेकीचा हट्ट की आपले अक्षर तिथे कुठे आहे ते शोधायचे. ज्या समाजाने राजगृह बघितले आहे त्याला ग्रंथालयासाठी विमानाने जाणे अवघड वाटू नये. ग्रीक-रोमन संग्रहालय बरीच वर्षे बंद होते, ते २०२३ साली पुन्हा उघडले. आणि मग कॉर्निश, म्हणजे मैलोगणती समुद्राला लागून गेलेला रस्ता. तिथे आमच्या मंडळींना सोडून द्यायचे.

खाण्याची चिंता नाही. फूल म्हणजे शिजवलेल्या मोठ्या घेवड्याची उसळ, त्याच कडधान्याची वाटून तळलेली भजी आणि कोशारी म्हणजे भात, मसूर, मॅक्रोनी, वर तळलेला कांदा. कोशारी आपल्या खिचडीची नातलग आहे असे म्हणतात. मासे मुबलक. कैरोहून येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे की अलेक्झांड्रियात गाडी आधी सिदी गाबेरला थांबते, मग शेवटच्या मिस्र स्टेशनला जाते. हॉटेल कुठे आहे ते बघून उतरावे, दादर की सीएसएमटी तसेच.

खर्चाचे चार शब्द. रजा प्रवास सवलत परदेशाला लागू नाही. सरकारी नोकराने खासगी परदेशवारीसाठी आधी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. माझा अर्ज वाचून एका वरिष्ठाने चष्म्यावरून बघितले आणि विचारले, "क्लार्क आणि इजिप्त? लॉटरी लागली काय?" मी म्हटले, "नाही साहेब, पोस्टात होते." परवानगी मिळाली. सहल कंपनीचे पॅकेज घेतले तर टीसीएस कापतात. तो बुडीत नसतो, विवरणपत्रात आपल्या नावावर दिसतो आणि परत मागता येतो. हे न कळून लोक पैसे सोडून देतात. व्हिसा निघण्यापूर्वी जेथे रद्द करता येत नाही अशी तिकिटे काढू नयेत. आणि प्रवासाचा विमा काढावा. १९१७ साली बाबासाहेब महायुद्धाच्या धामधुमीत लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे पुस्तकांसह सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. त्या सामानाच्या भरपाईचे सहाशे रुपये हाती आले असे चरित्रात आहे. पुस्तके गेली ती गेलीच, पण ते सहाशे त्या कठीण दिवसांत घराला उपयोगी पडले.

सगळे मांडून चौघांचा आकडा ठेवीच्या वर जातो. पंचेचाळीस हजारांची तूट आहे. त्यासाठी कर्ज काढायचे नाही, एवढे ठरले आहे. मंडळींची भिशी ऑगस्टमध्ये लागते. ती लागली तर नोव्हेंबर, नाहीतर पुढचे वर्ष.

तोपर्यंत आम्ही जुन्या वाटेचे आमच्या बाजूचे टोक बघायला सुरुवात केली आहे. याला पैसे लागत नाहीत. एका रविवारी कल्याणला दुर्गाडीखाली खाडीवर गेलो. एकदा कान्हेरीला, जिथल्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत आणि एका कल्याणकर लोहाराने वाट बांधून दिल्याची नोंदही आहे. पुढच्या महिन्यात कर्जतला उतरून कोंडाणे लेणी. ज्या उल्हास नदीचे पाणी आपण बदलापूर-अंबरनाथकडे पितो तिच्याच खोऱ्यात ती आहेत. ज्यांना परदेश जमत नाही त्यांनी निदान एवढे करावे. चपलांच्या कट्ट्यावरच्या त्या कार्यकर्त्यांनाही मी कोंडाण्याला बोलावले आहे. "येतो," म्हणाले, "डबा घेऊन येतो."

आणि आईचा पासपोर्ट. त्यानेच सगळ्यांत घाम काढला. तिचा जन्मदाखला नाही. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे, मतदार कार्डावर जन्मतारखेच्या जागी एक जानेवारी. आपल्यातल्या त्या वयाच्या निम्म्या बायका एक जानेवारीलाच जन्मल्या आहेत. तीन महिने मी सगळे कागद एका नावावर आणण्यासाठी हेलपाटे घातले. एका कचेरीत खिडकीवरचा माणूस म्हणाला, "या वयात कशाला पासपोर्ट?" आई खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाली, "समुद्र बघाया." साठीवरच्यांना पंधराशे रुपयांच्या फीमध्ये दहा टक्के सूट आहे, हे मला तिथेच कळले. दीडशे रुपये वाचल्याचा तिला फार आनंद झाला.

पुढच्या गुरुवारी ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिची वेळ आहे. अंगठा चालतो असे मी सांगितले. पण नव्वदीत साक्षरता वर्गात शिकलेली सही तिला करायची आहे. मधे किती वर्षे केली नव्हती. सध्या रोज रात्री जेवण झाल्यावर लेकीच्या जुन्या वहीत ती एक पान सह्या काढते. काल तिने वहीवरून मान वर करून विचारले, "तिथल्या पाण्याला आपल्या वालधुनीसारखा वास येतो का रे?"

मी म्हटले, "नसावा, आई."

"मग पान्यात उतरीन," ती म्हणाली आणि पुन्हा सही काढू लागली.